रेस खाली येईना

“बाईमाणसाचा पाय जड आसतो. त्याला बिचारं इंजिन तरी काय करणार?”

हे आबा काकांना हळूच म्हणाले. पण आबांचं हळू म्हणजे विहिरीपलीकडच्या माणसालाही ऐकू जाईल असं. मी शेडच्या कडेला एक रिकामं कॅरेट उपडं घालून त्यावर बसले होते. काकू माझ्यापासून हातभर अंतरावर कांद्याच्या रोपांच्या जुड्यांवर ओलं पोतं पसरत होती. तिनेही ऐकलं. तिने पोत्याचं एक टोक उचललं, पुन्हा होतं तसंच ठेवलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने हात झटकले.

समोर ट्रॅक्टर चालू होता. वर कोणी बसलेलं नव्हतं, गिअर न्यूट्रलला होता, आणि तरी इंजिन असं ओरडत होतं की जणू कोणीतरी पाय दाबून बसलंय. गावाकडे याला रेस चढणं म्हणतात. इंजिन मोकळं सोडलं की त्याने निवांत ढक्ढक् करत राहायचं, तर ते सारखं वरच्या पट्टीत. काकांनी स्टिअरिंगजवळची हात-रेसची दांडी पार मागे ओढून ठेवली होती. तिच्या मागे जायला आता जागाच नव्हती. तरी रेस खाली येईना.

आबा म्हणजे बाबांचे आणि काकांचे थोरले चुलतभाऊ. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून, मधे फक्त बांध. आदल्या दिवशी संध्याकाळी सरी पाडताना काकूने बांधाजवळ ट्रॅक्टर वळवला, क्लच सोडला आणि ट्रॅक्टरने अशी काही उडी घेतली की पुढची चाकं बांध ओलांडून आबांच्या तुरीत. फार काही गेलं नाही, बांधाकडच्या ओळीतली थोडी झाडं आडवी झाली. सकाळी आबा आले तेव्हा मला वाटलं, आता भांडण होणार. पण आबा तुरीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. “तुरीचं काय येवडं,” म्हणाले, आणि चहा घेतला. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. त्यांचा मेव्हणा सध्या मोकळा होता. आधी तो खडीच्या गाड्या चालवायचा. कांद्याचा सीझनभर तो येईल, ट्रॅक्टर चालवील, काकूने आपलं रोपं लावायच्या बायकांबरोबर वाफ्यात राहावं. “तिलाबी जिवाला आराम,” असं त्यांनी दोनदा सांगितलं.

काका नाही म्हणाले नव्हते. तेवढ्यावरून मला काळजी वाटायला लागली.

काका चाकणच्या एका कंपनीत आहेत. त्यांची शिफ्ट बदलत राहते, आणि शेताला शिफ्ट कळत नाही. ओल उतरून जमिनीला वाफसा आला की आलाच, मग काका फर्स्टला असोत की सेकंडला. म्हणून काही वर्षांपूर्वी काकूने ट्रॅक्टर शिकायचं ठरवलं. बटाटा काढून झालेल्या मोकळ्या रानात काका बांधावर उभे राहून हातवारे करत होते आणि काकू गोल गोल फेऱ्या मारत होती. तेव्हाचा एक व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात काकू दिसत नाही, फक्त लांबवर एक ट्रॅक्टर आणि काकांचा आवाज: “दाब! दाब! आता नको दाबू! अगं नको म्हणतोय ना!” ट्रॅक्टर मात्र सरळ रेषेत शांतपणे जातोय. काकांचं ऐकत नव्हती म्हणूनच शिकली, असं ती म्हणते.

आम्ही राहतो वाकडला, बाराव्या मजल्यावर. मी इथे गावी काकांकडे बहुतेक शनिवार-रविवारी येते, कधी काम घरून असलं तर चार दिवस राहते. माझी शाळा पहिलीपासून इंग्रजी. मराठी घरात बोललं जायचं, पण घरात मी तशीही फार बोलत नाही. गावात सगळे एकाच वेळी बोलतात. मला एखादी गोष्ट सांगायची असली की मी ती आधी मनात जुळवते, आणि जुळून होईपर्यंत बोलणं बैलगाडीच्या शर्यतींवरून कुणाच्या तरी साखरपुड्यावर गेलेलं असतं. मग मी ते वाक्य तसंच ठेवून देते. लोकांना वाटतं मला करमत नाही. खरं तर मला इथे इतकं करमतं की रविवारी संध्याकाळी परतीचा रस्ता, मोशीपर्यंतची ती कंटेनरची रांग, सगळंच मला जरा जास्त लांब लागतं.

ट्रॅक्टर चालवणाऱ्या काकूच्या शेजारी, चाकावरच्या मडगार्डवर बसायला मला आवडतं. बोलावं लागत नाही, कारण ऐकूच येत नाही. काकू साडीवर काकांचा कंपनीचा जुना शर्ट घालते, डोक्याला टॉवेल गुंडाळते. आमच्या शेताला लागून एका कंपनीची उंच भिंत आहे. खाली उभं राहिलं की नुसती भिंत दिसते. ट्रॅक्टरवर बसलं की पलीकडचं दिसतं: नव्याकोऱ्या गाड्यांच्या रांगा, लावलेली झाडं, जेवणाच्या सुट्टीत क्रिकेट खेळणारी पोरं. काकूला त्यातले दोघंतिघं बॅटिंगवरून ओळखू येतात. “तो निळ्या टोपीचा आज आला न्हाई वाटतं,” ती मला ओरडून सांगते. त्याला माहीतही नसेल.

आता ठोकळ्याबद्दल सांगायला हवं.

काकू उंचीने कमी आहे. क्लच आणि ब्रेकपर्यंत तिचा पाय नीट पोचायचा, पण ॲक्सिलरेटरचं पेडल जरा खाली आणि पुढे, तिथे फक्त अंगठा टेकायचा. दिवसभर असं अंगठ्यावर चालवून तिची पोटरी दुखायची. काकांनी आधी पेडलवर एक फळी बांधून दिली. ती या वर्षी चिरली. मग दिवाळीनंतरच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी बाभळीचा एक जाडजूड तुकडा घेतला, तासला, कडा कानशीने गोल केल्या, वरून ट्रकच्या टायरचा तुकडा ठोकला, आणि खालून पट्टी मारून तो पेडलवर नटबोल्टने बसवला. वर लाल रंगही दिला. काकूने पाय ठेवला आणि म्हणाली, “अगंबाई, पाटावर पाय ठेवल्यागत वाटतंय!” त्या दिवशी जो कोणी घरी चहाला आला त्याला काकांनी शेडमध्ये नेऊन तो ठोकळा दाखवला. पेपर टाकणाऱ्यालासुद्धा.

त्यानंतर रेस चढायला लागली. हे दोन्ही एकमेकांना जोडून बघायला कोणाला सुचलं नाही. मलाही सुचलं नसतं. पण मडगार्डवर बसलं की डोळे आपोआप काकूच्या पायांकडे जातात. प्रत्येक वळणाला ती डाव्या पायाने क्लच दाबायची आणि उजव्या पायाचा अंगठा ठोकळ्याच्या कडेखाली घालून तो हलकेच वर उचलायची. आवाज लगेच खाली यायचा. मग क्लच सोडायची. ट्रॅक्टर मऊ चालायचा. एखाद्या झोपलेल्या पोराची मान उचलून उशी सरकवावी, तसं ते इतकं सहज होतं की बराच वेळ मला कळलंच नाही की हे मुद्दाम चाललंय.

चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, “काकू, तू ते पायाने काय उचलतेस?”

तिने आधी इकडेतिकडे बघितलं. “जड हाय गं तो जरा. आपल्या वजनानंच पेडल खाली बसतंय. उचलून धरलं की झालं.”

“मग काकांना सांग ना.”

“नको बाई. येवढ्या हौसेनं केलाय त्यांनी. तू पन बोलू नको.”

मी न बोलण्यात पटाईत. मी मान हलवली.

आणि आदल्या संध्याकाळी काय झालं तेही मला माहीत होतं. पाटाचं पाणी फुटून कडेच्या सऱ्यांत चिखल झाला होता, म्हणून काकूने काकांचे गमबूट घातले होते. गमबुटाचं ते गोल, फुगीर टोक ठोकळ्याखाली जाणार कसं? तिने दोनदा प्रयत्न केला, तोवर बांध आला.

तर सकाळी शेडमध्ये ही अशी स्थिती होती. आबांना वाटत होतं काकूचा पाय, काकांना वाटत होतं इंजिनाचा डिझेल पंप, काकूला खरं माहीत होतं आणि ती रोपांवर पाणी शिंपडत होती, आणि मी कॅरेटवर.

मिस्त्री आले ते मोपेडवरून, पायाशी पत्र्याची पेटी घेऊन. चाकणला त्यांचं गॅरेज आहे, आणि आमच्या ट्रॅक्टरच्या वयाची इंजिनं हातात घेणारे आता तेच एक उरलेत. बाकीचे म्हणतात, भंगारात घाला. मिस्त्रींनी गाडी लावली, नमस्कार-सलाम झाले, आणि ते काहीच न करता ट्रॅक्टरकडे बघत उभे राहिले. काही वेळाने म्हणाले, “कधीपासून बोंबलतोय?”

“आठपंधरा दिवस,” काका म्हणाले. “पंप का हो?”

“पंप असेल तर आज विसरा भाऊ. उतरवून भोसरीला पाठवावा लागेल. दोन दिवस बोला, चार दिवस बोला.”

काकांनी रोपांच्या जुड्यांकडे बघितलं. उपटलेलं रोप चार दिवस थांबत नाही. आबांनीही तिकडेच बघितलं आणि घसा साफ केला. “म्हनून म्हनतो, माझ्या मेव्हण्याकडं दुसरा ट्रॅक्टरबी हाय वळखीचा. बोलवू का?”

“थांबा की आबा,” मिस्त्री म्हणाले. “पेशंटला हात तर लावू द्या.”

ते खाली वाकले. पेडलपासून पंपापर्यंत एक लोखंडी दांडी जाते, पाय दाबला की ती पंपावरचा डिझेल वाढवणारा खटका ओढते. मिस्त्रींनी पकडीने पिन काढली आणि दांडी पंपापासून सोडवली. त्याबरोबर इंजिन झपकन खाली आलं. ढक्, ढक्, ढक्, ढक्. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून काकांचा चेहराच उजळला.

“पंप ठीक आहे,” मिस्त्री म्हणाले. “पंपाला कोणी सुखाने बसू देत नाही, एवढंच.” त्यांनी दांडी परत जोडली. इंजिन पुन्हा किंचाळायला लागलं. “हे बघा. बिघाड हितून मागं. दांडी, नाहीतर पेडल.”

इथे मला वाटलं, झालं, आता सापडणार. पण मिस्त्रींचा डोळा दांडीच्या टोकाच्या आट्यांवर गेला. त्या जुन्या झिजलेल्या, कधीतरी कोणीतरी फिरवलेल्या दिसत होत्या. त्यांनी दांडीची लांबी कमी-जास्त करायला सुरुवात केली. एक आटा फिरव, ऐक. आणखी एक फिरव, ऐक. हळूहळू आवाज उतरला. मग त्यांनी हाताने पेडल पूर्ण दाबून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

“आता खाली शांत राहतोय, पण वर पूर्ण रेस घेत नाही. सरीत फाळ खोल गेला की दम सोडेल.”

“मग?”

“मग काय, दोन्हींतलं एक निवडा. पहिल्यासारखी रेस चढलेली ठेवली तर क्लच जपून सोडावा लागेल.”

आबांना हेच हवं होतं. “मी काय म्हनतोय मगापासून? जपून सोडायचं म्हंजे मुरलेला गडी पायजे. हे काय शिलाई मशीन हाय व्हय पायानं मारायला?”

“आबा, शिलाई मशीन पन तुमाला न्हाई यायचं,” काकू पोत्याकडे बघतच म्हणाली. मिस्त्री हसले. आबाही हसले, पण काका हसले नाहीत. ते ट्रॅक्टरच्या सीटकडे बघत होते. मग म्हणाले, “आबा, मेव्हणा उद्या येऊ शकंल का?”

काकूचा हात थांबला. ती काही बोलणार नव्हती, हे मला दिसत होतं. सीट गेली तरी चालेल, पण त्या लाल रंगाच्या ठोकळ्याबद्दल चार माणसांत बोलायचं नाही, असं तिने ठरवून टाकलेलं होतं.

मी मनात वाक्य जुळवायला घेतलं. ते जुळेना. काकूला शब्द दिलेला, काकांना वाईट वाटणार, आबा काहीतरी बोलणार, आणि मिस्त्रींचं तर अजून नावही मला धड माहीत नव्हतं. दरम्यान मिस्त्री पुन्हा दांडी पहिल्यासारखी करायला बसले आणि इंजिन परत वर चढलं. मग मी उठले. बोलता येत नव्हतं तर चालता तर येत होतं. मी ट्रॅक्टरजवळ गेले, खाली उभी राहूनच हात आत घातला आणि ठोकळ्याखाली बोटं घालून तो थोडासा वर उचलला.

ढक्, ढक्, ढक्.

सोडला. किंचाळला. पुन्हा उचलला. ढक्, ढक्.

मिस्त्री उठून माझ्या बाजूला आले. “सोडा दीदी,” म्हणाले, आणि त्यांनी स्वतः एका बोटाने उचलून बघितला. मग बोट काढून घेतलं. मग तळहातावर ठोकळ्याचं वजन तोलल्यासारखं केलं.

“भाऊ, हे कोणी बसवलं?”

“मी,” काका म्हणाले.

“बाभूळ?”

“बाभूळ.”

“टायर ट्रकचं?”

“व्हय.” काकांचा आवाज जरा बारीक झाला होता.

“काम एक नंबर आहे,” मिस्त्री म्हणाले. “पण आपला पाय नसला तरी ह्याचा पाय वर आहेच.”

काकांचं तोंड उतरलं. मला वाटलं, मी हे करायला नको होतं. तेवढ्यात काकू पोतं सोडून आली, पदराला हात पुसत. “ठोकळ्याला नावं ठेवायची न्हाईत,” ती म्हणाली. “त्याच्यामुळं माझी पोटरी दुखायची राहिलीय. ती तुमची स्प्रिंग म्हातारी झालीय, तिला उचलत न्हाई.”

मिस्त्रींनी मान खाली घालून स्प्रिंग बघितली. पेडलला परत वर ओढणारी ती स्प्रिंग ताणून ताणून सैल झाली होती. “बरोबर बोलल्या वहिनी. ठोकळा राहू द्या. हिला सोबत देऊ.” पेटीत त्यांनी बराच खुळखुळाट केला, पण हवी ती स्प्रिंग निघेना. मग त्यांची नजर भिंतीकडेला उभ्या असलेल्या काकांच्या मोटरसायकलवर गेली.

“तिच्याकडं नका बघू,” काका म्हणाले.

“साइड स्टँडचीच घेतो. उद्या गॅरेजवरनं नवी देतो तुम्हाला.”

“आन गाडी उभी कशी करू?”

“मेन स्टँड आहे ना? थोडी कसरत होईल कंबरेची,” मिस्त्री म्हणाले, आणि काकू इतकी हसली की तिला टॉवेल तोंडावर धरावा लागला. शेवटी काकाही हसले. त्यांनी स्वतःच पाना आणून मोटरसायकलची स्प्रिंग काढून दिली.

दोन स्प्रिंगा शेजारीशेजारी बसल्या. दांडी मूळच्या लांबीवर आली. काकू वर चढली, अनवाणी. रेस दिली, सोडली. इंजिन वर गेलं आणि लगेच खाली येऊन ढक्ढक् करत बसलं. तिने पुन्हा केलं. मग काका म्हणाले, “गमबूट घाल की,” आणि माझ्याकडे बघितलं. गमबुटांचं त्यांनी कधी आणि कसं ओळखलं कोण जाणे. काकूने गमबूट घालून शेडबाहेर ट्रॅक्टर काढला, लिंबाच्या झाडापर्यंत नेला, वळवला. क्लच सोडताना ट्रॅक्टरला साधा हिसकाही बसला नाही.

“जरा कडक लागतंय पायाला,” ती वरून ओरडली, “पन बेस हाय!”

मी परत कॅरेटवर जाऊन बसले. छान वाटत होतं. उन्हं वर आली होती, कंपनीच्या भिंतीपलीकडे पहिल्या शिफ्टच्या चहाचा भोंगा झाला, काका मिस्त्रींना चहाचा आग्रह करत होते आणि मिस्त्री नाही नाही म्हणत मोपेडवरून खाली उतरत होते. मला वाटलं, संपलं. पण आबांनी उठून धोतर झटकलं आणि खिशातून फोन काढला.

“चला, ट्रॅक्टर बरा झाला, लई झ्याक. म्या मेव्हण्याला सांगतो, सकाळी लौकर ये म्हनून. आता त्याला काय अडचन न्हाई.”

ते अगदी प्रेमाने म्हणत होते. काका म्हणाले, “तसं कशाला आता आबा... म्हंजे... बघू,” आणि चहाचा कप मिस्त्रींकडे सरकवला. काका आबांना कधीच तोंडावर नाही म्हणत नाहीत. थोरला भाऊ. काकू लिंबाखाली ट्रॅक्टर उभा करून खाली उतरत होती, तिला ऐकू येत नव्हतं. आबांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि नंबर शोधायला लागले. त्यांचा अंगठा हळूहळू वर सरकत होता.

या वेळी मी काही जुळवलं नाही. जुळवत बसले असते तर फोन लागला असता. मी उठले, आणि माझा आवाज मला वाटला होता त्याहून मोठा निघाला. मिस्त्रींचा कप ओठांजवळ थांबला, लिंबाखाली काकूनेही मान वळवली.

“आबा, त्यांना नका बोलवू. ट्रॅक्टर काकूच चालवणार आहे.”